कंसातल्या ओळी

माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं शिक्षण तिसरीपर्यंत झालं होतं. पुढचं सगळं आयुष्य गवंडीकामात गेलं. आम्ही तेव्हा मंगळवेढ्याला राहायचो. घरात माझी शाळेची पुस्तकं सोडली तर एकच पुस्तक होतं, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. अप्पा कामावरून आले की हातपाय धुऊन ते उघडायचे. हात कितीही घासले तरी बोटांच्या रेघांत सिमेंट राहायचंच. त्यामुळे त्या पुस्तकाच्या पानांचे खालचे कोपरे राखाडी झाले होते. ते ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. एक ओळ झाली की थोडं थांबायचे, वीट बसली का बघावं तसं, आणि मग पुढची ओळ.

मी सहावीत होते आणि घरात माझ्याइतकं कुणीच शिकलेलं नव्हतं. विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, चर्चच्या मंडळीतून आलेलं पत्र, सगळं माझ्यासमोर यायचं. मी वाचून सांगितलं की तो विषय संपायचा. आई म्हणायची, "आमच्या साहेबांना इचारा." तिचा तो टोमणा असायचा, पण त्यात कौतुकही असायचं.

एका संध्याकाळी अप्पांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं जे सगळ्यांत लहान आहे, त्याचं शेवटचं पान होतं. शेवटची बारा वचनं चौकोनी कंसात छापलेली होती.

"हे कशाला गं केलंय असं? दुसरीकडं कुटं न्हाय."

आमचे सर परीक्षेच्या आधी पुस्तकात पेन्सिलीनं कंस करायला लावायचे. कंसातलं येणार म्हणजे येणार, ते पाठ करा, बाकीचं नुसतं वाचा. मला दुसरा कसलाही कंस माहीत नव्हता. मी एका क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "महत्त्वाचं असतं ते कंसात घालतात, अप्पा. ते पाठ करायचं असतं."

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप होती. ती मी वाचली नाही. बारीक अक्षरांतलं परीक्षेला येत नाही, अशी माझी समजूत होती.

अप्पांनी ती बारा वचनं आठ दिवसांत पाठ केली. भिंतीला ओळंबा लावतानाही ती पुटपुटायचे, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगायचे. त्यांतल्या एका वचनाचा अर्थ असा की विश्वास ठेवणारे आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते आजारी बरे होतील.

मी नववीत असताना आई गेली. कावीळ झाली होती. अप्पांनी वेळ घालवला नव्हता. दुसऱ्याच दिवशी जीप करून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांनीही जमेल ते केलं. मला एवढंच आठवतं की अप्पा तिच्या खाटेशी उभे होते, त्यांचा एक हात तिच्या कपाळावर होता आणि ओठ हलत होते. पाचव्या दिवशी आम्ही तिला घरी नेलं ते पुरायला.

त्यानंतर अप्पांत एक बदल झाला. तो बदल त्यानंतरचा आहे, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही. आमच्या मंडळीत वडीलधारी माणसं प्रार्थना करताना डोक्यावर हात ठेवतात. बारशाच्या बाळावर, परीक्षेला निघालेल्या मुलांवर, आजाऱ्यावर. अप्पा अशा वेळी मागं सरकायचे आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. कुणी बोलावलं तर म्हणायचे, "माझा नको, दुसरा कुणाचा तरी घ्या." मी पदवी घेऊन आले त्या दिवशी त्यांच्यापुढं वाकले. आमच्या सगळ्या नातेवाइकांत पदवी घेतलेली मी पहिली. अप्पांनी डोळे पुसले, पेढा माझ्या तोंडात घातला आणि मग मला हात जोडले. बापानं लेकीला हात जोडले! मला ते लागलं. पण माझ्या शिक्षणासाठी उन्हात परांचीवर उभं राहिलेल्या माणसाला मी काय विचारणार होते?

मी आता सोलापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. साखरेनं अप्पांची नजर गेली तेव्हा त्यांना इकडे आणलं. पूर्ण गेली नाही. उजेड कळतो, माणूस आल्याचं कळतं, अक्षर मात्र दिसत नाही. त्यांनी पुस्तक बरोबर आणलं होतं. पहिले काही दिवस ते नुसतं मांडीवर घेऊन बसायचे.

आमच्या चर्चच्या पाळकांना हे कळलं. त्यांनी मला एक लिंक पाठवली. त्याच सगळ्यांत लहान शुभवर्तमानावर तीन अभ्यासकांच्या ध्वनिमुद्रित चर्चा होत्या. सोळा अध्याय, सोळा भाग. दोन पुरुष आणि एक वयस्कर बाई, अधूनमधून खोकणारी. बोलणं इंग्रजीत. माझं इंग्रजी पुस्तकातलं, त्यांचं जिभेवरचं. पहिला भाग मला तीनदा ऐकावा लागला.

मग आमची एक रीत बसली. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत डबा उघडायची, कानात इअरफोन घालायची आणि वहीत लिहून घ्यायची. रविवारी उपासनेहून आलो, जेवलो की अप्पा भिंतीला टेकून बसायचे. मी आधी अध्याय वाचायची, मग त्या तिघांनी काय म्हटलं ते मराठीत सांगायची. अप्पा त्याला टेप म्हणायचे. शेजारची चाची दारावरून जाताना विचारायची, "क्या अप्पा, इस साल पास होते क्या नहीं?" अप्पा म्हणायचे, "मास्तरीण कडक हाय, चाची. सांगता येत न्हाय."

मला वाटलं होतं, विद्वानांचं बोलणं अप्पांना जड जाईल. उलटंच झालं. हे शुभवर्तमान लिहिणारा 'लागलेच', म्हणजे लगेच, हा शब्द सारखा वापरतो, असं ते तिघं पहिल्याच भागात सांगतात. येशू लागलेच निघाला, लागलेच आला, लागलेच बोलला. अप्पा हसले. "मुकादम दिसतोय लिहिणारा. ह्ये काम झालं का, चल, त्ये काम झालं का, चल." मी ते वहीत लिहून ठेवलं. पुढं त्या बाईंचं काही पटलं तर अप्पा म्हणायचे, "बाई बरोबर बोलली." पुरुषांपैकी एकाला मात्र ते कधीच मानायला तयार नसत. "त्याला सगळंच ठाऊक हाय. असा माणूस भिंत वाकडी बांधतो."

आठव्या अध्यायात एका आंधळ्या माणसाची गोष्ट आहे. येशू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का. तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडं चालावीत तशी. मग येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला स्वच्छ दिसू लागतं. मी वाचत होते तेवढ्यात अप्पांनी मान वर केली.

"आसंच दिसतंय की मला. तू आत्ता आलीस ना, झाडच आलं."

आम्ही दोघंही हसलो. मी वहीतलं सांगू लागले. अभ्यासकांचं म्हणणं असं की दोन टप्प्यांत बरं होण्याची अशी गोष्ट चारांपैकी याच शुभवर्तमानात आहे. अप्पा ऐकत नव्हते. ते स्वतःच्या तळहाताकडे तोंड करून बसले होते.

"म्हंजे त्यालाबी दोनदा हात ठेवावा लागला," ते म्हणाले.

"हो."

"मी एकदाच ठिवला."

मला आधी काही कळलंच नाही.

"तुझ्या आईवर. पाठ हुतं मला सगळं. म्हटलं आता बरी हुईल. लिवलंय तसं." त्यांनी तळहात उलटा केला. "बरी झाली न्हाय. मग लिवलेलं खोटं, का माझा विश्वास खोटा? लिवलेलं तर खोटं असणार न्हाय. तवापास्नं मी हात ठिवत न्हाय कुणावर. उगं कुणाचं वाटोळं नको."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. पाठीमागं बांधलेले ते हात, मला जोडलेले ते हात, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. मी वही मिटली.

त्यानंतर पुढचे भाग मी जपून ऐकू लागले. सोळाव्यात ते वचन येणार हे मला ठाऊक होतं, आणि तिथं या तिघांनी काही आधाराचं बोलावं असं वाटत होतं. कंसाचं मात्र मला त्या वेळी मुळीच आठवलं नव्हतं.

सोळावा भाग ऐकताना अर्धी भाकरी हातात होती. अभ्यासक सांगत होते की सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये हे शुभवर्तमान आठव्या वचनापाशीच संपतं. बायका रिकाम्या कबरेतून बाहेर पडतात, थरथरत पळत सुटतात आणि भ्याल्यामुळं कुणाला काही सांगत नाहीत. बस, तिथंच शेवट. पुढची बारा वचनं नंतर कुणीतरी जोडली असावीत, असं बहुतेकांचं मत आहे. तिथं भाषा बदलते. आणि म्हणून, तो पुरुष म्हणाला, अनेक छापील प्रतींत ती वचनं कंसात घालतात आणि खाली टीप देतात.

भाकरी मी डब्यात ठेवली.

त्या बाईंनी पुढं एक गोष्ट सांगितली. जोडलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे, मंडळींनी या ओळी श्रद्धेनं वाचल्या आहेत. पण त्या म्हणाल्या, आपला माणूस बरा झाला नाही म्हणून या ओळींच्या आधारानं किती लोकांनी स्वतःलाच दोष दिला असेल, हेही विसरू नये. मग त्या खोकल्या, आणि दुसराच मुद्दा निघाला.

घरी आल्यावर अप्पांचं पुस्तक काढलं. टीप होती. वीसेक शब्दांची. जुन्या प्रतींत ही वचनं आढळत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. सहावीतल्या मुलीला ती सहज वाचता आली असती.

त्या रविवारी अप्पा भिंतीला टेकले आणि म्हणाले, "हं, लाव टेप." मी म्हणाले, "टेप संपली, अप्पा. पुढचा भागच नाही." ते "बरं" म्हणाले. पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

मला भीती कशाची होती, हे मी आज नीट सांगू शकते. त्यांचा हात खोटा नव्हता, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे त्यांच्या पुस्तकाला हात लावायचा. म्हातारपणी, दिसत नसताना, मांडीवर घेऊन बसायला त्यांच्याजवळ तेवढंच होतं. आणि माझं कबूल करायचं होतं ते वेगळंच. ज्या शिक्षणासाठी त्यांनी हाडं झिजवली, त्या शिक्षणाच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यानं त्यांना वीस-बावीस वर्षं हात पाठीमागं बांधायला लावले होते.

चौथ्या रविवारी ते टेकून बसले आणि मी भांडी घासत असताना हाक मारली. "बाई, हितं ये. बस."

मी हात पुसत आले.

"अध्याय सोळा हायत. टेप पंधरावर कशी संपंल? मी काय बोळ्यानं दूध पितो व्हय?"

मग मी सांगितलं. आधी माझं सांगितलं, कारण ते नंतरवर टाकलं असतं तर राहून गेलं असतं. "अप्पा, मी सहावीत असताना तुम्ही मला कंस दाखवला होता. मी म्हणाले होते, महत्त्वाचं असतं ते कंसात घालतात."

"व्हय की. ठाऊक हाय."

"ते चूक होतं. कंसाचा अर्थ तसा नव्हता. ती वचनं जुन्या प्रतींत नाहीत, असं सांगायला तो कंस होता. खाली लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही."

मी त्या तिघांचं सगळं बोलणं सांगितलं, वहीतलं जसंच्या तसं. हस्तलिखितं, भाषा, आणि एक बारकावाही: कबरेपाशी गेलेल्या ज्या बाईचं नाव आठ-दहा ओळींपूर्वी येऊन गेलंय, तिचीच जोडलेल्या भागात पहिल्यांदा आल्यासारखी पुन्हा ओळख करून दिली आहे.

"परत वाच," अप्पा म्हणाले. "सुरुवातीपास्नं."

मी सोळावा अध्याय वाचला. आठवं वचन संपून नववं सुरू झालं, आणि त्या बाईचं नाव आलं तसा त्यांनी हात वर केला.

"सांधा हाय."

"काय?"

"हितं सांधा हाय. जुन्या भितीला नवी भित जोडली की कितीबी गिलावा कर, गवंड्याला कळतंय." मला वाटलं, आता पुस्तक बाजूला करतील. "मग हे खोटं म्हणायचं का?"

"खोटं नाही म्हणत ते. कुणीतरी नंतर जोडलं, एवढंच. शेवट अर्धवट वाटला असेल."

"वाटणारच. बाया पळून गेल्या, कुणाला सांगिना झाल्या, आन् पुस्तक संपलं. मालक म्हणंल, वरचा मजला कुटाय?" ते स्वतःशीच हसले. मग गंभीर झाले. "मी लई घरांवर वरचा मजला चढवलाय, बाई. खालचं दुसऱ्यानं बांधलेलं. मजला खोटा नसतोय. माणसं ऱ्हातात की त्यात. पण सगळं वजन त्याच्यावर टाकायचं नसतंय. पाण्याची टाकी ठिवायची तर खालच्या भितीवर बघून ठिवायची." त्यांनी मांडीवरच्या पुस्तकावर बोट टेकवलं. "मी सगळी टाकी ह्याच्यावर ठिवली."

मला रडू आलं. मी म्हणाले, "माझ्यामुळं ठेवलीत."

"गप. तू सहावीत हुतीस. माझीच चूक. सहावीच्या पोरीला मास्तर केलं." आणि मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "पर मला लई अभिमान वाटला हुता त्या दिवशी. इचारल्याबरोबर उत्तर. लागलेच."

बाहेर चाची कुणाशी तरी पाण्याच्या वेळेवरून बोलत होती. अप्पांनी विचारलं, "आई कशानं गेली मग?"

हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. मला तो लहान मुलानं विचारावा तसा वाटला. मी म्हणाले, "काविळीनं गेली, अप्पा."

"काविळीनं," ते म्हणाले. त्यांनी मान हलवली. पुन्हा एकदा म्हणाले, "काविळीनं गेली."

ते ऐकून सगळं सुटलं, असं मी म्हणणार नाही. त्यांचा चेहरा हलका झाला नाही. उलट त्या दुपारी ते आईसाठी रडले. मी तरी त्यांना तिच्यासाठी असं रडताना पहिल्यांदाच पाहिलं. आतापर्यंत ते बहुतेक स्वतःच्या गुन्ह्याशीच बसले होते, आईशी नाही.

चारच्या सुमाराला मी चहा ठेवायला उठणार तोच ते म्हणाले, "आठव्यापातुर परत वाच. कंसाच्या अलीकडं थांब."

मी वाचलं. बायका भ्याल्या होत्या, आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मी थांबले.

"भ्याल्या," अप्पा म्हणाले. "पर सांगितलं असंल की नंतर कुणालातरी. न्हायतर आपल्याला कसं कळलं? तीन आठवडं लागलं असतील." त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, पण टोमणा मला होता.

मग त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं पाणी हवंय. हात हवेत चाचपडला, माझ्या खांद्याला लागला, तिथून वर आला आणि डोक्यावर थांबला. जड हात, अजूनही खरखरीत. मी हललेच नाही. हलले तर तो काढून घेतील, अशी भीती वाटली.

"अप्पा, प्रार्थना करताय?"

"न्हाय," ते म्हणाले. "झाकण ठिवतोय. लई शिकलीस, सांडायला नको."

पण त्यांचे ओठ हलत होते. शब्द मला ऐकू आले नाहीत. मी मान खाली घालून बसून राहिले. चहाची वेळ टळली, चाची दारावरून गेली आणि या वेळी काही न बोलता गेली. हात तिथंच होता.